गाळ कुठे टाकणार?

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पहिल्याच सभेची विषयपत्रिका हातात पडली आणि तू हिरमुसलीस, हे ओळीओळीतून कळलं. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, धक्क्यावरचे दिवे, बंदराच्या तोंडाशी साचलेला गाळ काढण्याची निविदा, जाळी सुकवण्याच्या जागेचं भाडं आणि शेवटी ऐनवेळचे विषय. ज्या गोष्टींसाठी घरोघरी फिरून मतं मागितलीस त्यांतली एकही यात नाही, असं तू लिहितेस. मला मात्र ती पत्रिका वाचताना तिसऱ्या विषयावरून पुढे जाता येईना. इतकी वर्षं बंदराच्या गावात सभांची इतिवृत्तं लिहिली, त्यावरून सांगतो, अशा गावाचा अर्धा कारभार त्या गाळाच्या विषयात असतो.

बंदर म्हणजे होड्यांसाठी राखलेलं शांत पाणी. आणि पाणी शांत झालं की त्यातला गाळ खाली बसतो. ज्या गुणामुळे होडी आत सुरक्षित राहते, त्याच गुणामुळे बंदर भरत जातं. म्हणून गाळ काढणं हे एकदा करून संपणारं काम नाही. निविदेत काय असतं ते तू पाहशीलच: किती घनमीटर काढायचा, किती दिवसांत, कोणत्या यंत्राने, अनामत किती. सगळं चोख. आणि मग एक ओळ: 'काढलेल्या गाळाची योग्य ठिकाणी विल्हेवाट लावावी.' त्या ओळीवर बोट ठेव आणि विचार, योग्य ठिकाण म्हणजे कोणतं? कुठे टाकणार?

सभेत क्षणभर कुणी बोलणार नाही. कारण हा साधा वाटणारा प्रश्न सगळ्यांत महागडा आहे. तोंडाजवळच टाकला तर पुढच्या काही भरत्यांत तोच गाळ परत येतो आणि तोच उपसण्याचं बिल गाव दुसऱ्यांदा भरतं. खाडीच्या उथळ दलदलीत टाकला तर माशांची पिल्लं वाढतात ती जागाच बुजते. खोल समुद्रात न्यायचा तर वाहतुकीचा खर्च वाढतो, आणि त्याला परवाना लागतो. समुद्रात काय टाकू द्यायचं याचा आंतरराष्ट्रीय करार १९७२ साली लंडनला झाला, त्यात बंदरातला गाळही येतो. परवान्याआधी त्या गाळात काय आहे हे तपासावं लागतं.

या तपासणीला 'कागदी अडथळा' म्हणणारे भेटतील. त्यांना आर्काशोंची गोष्ट सांग. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा हा उपसागर कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध. १९७० च्या दशकात तिथल्या कालवांची पिल्लं धरेनात, शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले. कारण निघालं होड्यांच्या बुडाला लावायच्या रंगात. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून त्यात ट्रायब्युटिलटिन नावाचं कथिलाचं संयुग घालत. १९८२ मध्ये फ्रान्सने पंचवीस मीटरपेक्षा लहान नौकांवर त्याला बंदी घातली. जगभराच्या बंदीचा करार २००१ साली झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. रंग बंद झाला, पण तोवर जे खाली बसलं ते कित्येक बंदरांच्या गाळात वर्षानुवर्षं राहिलं. उपसा करताना ते पुन्हा पाण्यात ढवळलं जाऊ शकतं. जिथे वर्षानुवर्षं होड्या खरवडून रंगवल्या गेल्या, त्या जागेचा नमुना वेगळा काढायला सांग.

गाळाइतकीच वाळू. किनाऱ्यावरची वाळू एका जागी नसते, लाटांबरोबर किनाऱ्याकडेने सरकत असते. तिच्या वाटेत बंधारा घातला की ती एका अंगाला साचते आणि दुसऱ्या अंगाच्या किनाऱ्याची उपासमार होते. मद्रासचं कृत्रिम बंदर १८७६ पासून बांधलं जाऊ लागलं. १८८१ च्या चक्रीवादळाने त्याचे बंधारे मोडले, ते पुन्हा उभारले. दक्षिणेकडून येणारी वाळू अडली आणि आज ज्याला मरीना म्हणतात तो प्रशस्त किनारा रुंदावत गेला. त्या रुंदीचं कौतुक सगळे करतात. उत्तरेला रोयापुरमच्या बाजूचा किनारा मात्र समुद्र खात राहिला. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराने १९२७ साली एका श्रीमंत नौकाप्रेमीच्या देणगीच्या आधाराने बंधारा बांधायला घेतला. वाळू त्याला अडली, मग टोकाला वळसा घालून बंदरातच येऊन बसू लागली, आणि पूर्वेकडचे किनारे झिजायला लागले. १९३० च्या दशकात उपसा सुरू करावा लागला, तो आजही चालूच आहे. देणगी एकदाच मिळाली होती. तुझ्या कारकिर्दीत कुणी फुकट जेटी किंवा फुकट बंधारा घेऊन आला, तर आभार मानायच्या आधी विचार की पुढची चाळीस वर्षं त्याची देखभाल कोणत्या लेखाशीर्षातून होणार.

आता जे सांगतो ते आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. मी नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. नव्या धक्क्याचा ठराव सभेत होता. मागच्या बाकावर एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख खलाशी, बसला होता. त्याने उठून सांगितलं, धक्का या अंगाला घेतलात तर पावसाळ्यानंतर आतल्या कोपऱ्यात वाळू चढेल, होड्या लागणार नाहीत. तो सदस्य नव्हता. अध्यक्षांनी त्याला सौम्यपणे बसायला सांगितलं. मी इतिवृत्तात लिहिलं: 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' तीन शब्द. पाच-सहा वर्षांत तो कोपरा भरला. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं की बांधण्यापूर्वी कुणी धोका लक्षात आणून दिला होता का. दप्तर काढलं. दप्तरात काही नव्हतं. तांडेल तोवर गेला होता. जे घडलं त्याचा एकमेव लेखी पुरावा माझ्या हातचा होता आणि त्यातून मीच त्याला गाळला होता. त्यानंतर मी 'चर्चेअंती' हा शब्द कधी लिहिला नाही. कोण काय म्हणालं, कुणी काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, एवढं तरी लिहायचंच, हा नेम शेवटपर्यंत पाळला.

म्हणून विषयपत्रिकेतला पहिला विषय, ज्यावर सगळे हात वर करून मोकळे होतात, तो तू नीट वाच. पुढच्या सभेपासून, मागील सभेत तू काय विचारलं होतंस ते त्यात उतरलं आहे का ते बघ. नसेल तर कायम होण्यापूर्वी दुरुस्ती सुचव. एकदा कायम झालं की तेच खरं. लोकांचं म्हणणंही नोंदवायचा आग्रह धर. नाव, हरकत आणि तारीख, बस. लिपिकावर चिडू नकोस. त्याच्यावर कुणाचं दडपण असतं हे मला ठाऊक आहे. तुझा मुद्दा लेखी करून सभेआधी त्याच्या हातात दे. लेखी आलेली गोष्ट वगळणं त्याला अवघड जातं, आणि लिहिण्याचं ओझंही त्याच्यावर पडत नाही.

कागद काय करू शकतो याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण तुर्कस्तानातल्या अलान्या गावचं आहे. १९७० च्या सुमारास तिथे चांगल्या जागांवरून मच्छिमारांत मारामाऱ्या होत. सुमारे शंभर मच्छिमार, मोजक्या जागा. दहाएक वर्षं चुकतमाकत त्यांनी एक पद्धत बसवली. सप्टेंबरात पात्र मच्छिमारांची यादी करायची, जाळी टाकायच्या जागांना नावं द्यायची, दोन जागांत एवढं अंतर ठेवायचं की एकाच्या जाळ्याने दुसऱ्याचा मासा अडू नये, आणि चिठ्ठ्या टाकायच्या. जानेवारीपर्यंत प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेला सरकायचं, नंतर मे महिन्यापर्यंत रोज एक जागा पश्चिमेला. येणाऱ्या-जाणाऱ्या माशांत सगळ्यांना सारखी संधी. ही पद्धत मच्छिमारांनी स्वतः बसवली. नगराध्यक्षांकडे आणि स्थानिक पोलिसांकडे फक्त यादीची प्रत ठेवायला दिली जाई. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामायिक साधनं लोक स्वतः कशी राखतात या त्यांच्या अभ्यासात हे गाव येतं. तुझ्या जाळी सुकवण्याच्या जागेच्या भाड्याच्या विषयात याचा उपयोग होईल. दर ठरवण्याआधी वापरणाऱ्यांना बोलव, वाटणीचे नियम त्यांनाच ठरवू दे, आणि मग ते नियम दप्तरात नीट ठेवण्याची जबाबदारी सभेने घ्यावी.

त्यांना बोलवायचं तर सभेची वेळही बघ. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. जिथे तोंड उथळ असतं तिथे होड्या भरतीवरच आत-बाहेर करतात. 'दर महिन्याचा पहिला सोमवार, दुपारी तीन' असं ठरवलं की काही महिने मच्छिमार येतात, काही महिने एकही येत नाही. आणि मग कुणीतरी म्हणतं, त्यांना रस नाही. भरतीचं कोष्टक समोर ठेवून वर्षाच्या सभांच्या तारखा ठरवा, असा ठराव मांड. त्याला खर्च नाही, विरोध करायलाही कुणाला कारण सापडणार नाही. तुझा पहिला ठराव हाच असू दे.

नातेवाईकांचं विचारलंस. लहान गावात ठेकेदार, बर्फ पुरवणारा, डिझेलचा पंप चालवणारा, सगळे कुणाचे ना कुणाचे कोण असतात. तुझ्या घरचा विषय आला की सभेत उभी राहून नातं सांग, ते नोंदवायला लाव आणि खोलीबाहेर जा. नुसतं मत न देता बसून राहणं पुरेसं नाही. तू समोर असलीस की तुझ्या मनासारखं बोललं जातं.

जळकं इंजिन-तेल हा विषय तुझ्या पत्रिकेत नाही, पण तोही गाळासारखाच आहे. जहाजांपासून होणारं प्रदूषण रोखण्याच्या १९७३ च्या करारात बंदरांवर तेलकट कचरा घेण्याची सोय असावी अशी अपेक्षा आहे. लहान बंदरात निदान एक झाकणाचं पिंप हवं, आणि ते भरल्यावर कोण उचलणार हे लिहिलेलं हवं. पिंप नसलं की तेल पाण्यातच जातं, मग दंडाची पाटी कितीही मोठी लावा. पिंप ठेवून कुणी उचललं नाही, तर चार महिन्यांनी तेही उलटतं.

तू लिहितेस की मतदार विचारतील, पाच वर्षांत काय केलंस. विचारतील. जपानच्या इवाते प्रांतात फुदाई नावाचं छोटं मच्छिमार गाव आहे. १८९६ आणि १९३३ च्या त्सुनामींत तिथली शेकडो माणसं गेली. कोतोकु वामुरा हे युद्धानंतर जवळजवळ चाळीस वर्षं तिथले प्रमुख होते. आधीची लाट पंधरा मीटरवर आली होती असं गावात सांगत, म्हणून भिंत त्याहून उंचच हवी हा त्यांचा आग्रह. एवढ्याशा गावाला एवढी भिंत कशाला, जागा आणि पैसा वाया जातो, असा विरोध झाला. साडेपंधरा मीटरची भिंत १९६७ मध्ये झाली, नदीच्या तोंडावरचं तेवढंच उंच दार १९८४ मध्ये. वामुरा १९९७ साली वारले. ११ मार्च २०११ ला लाट आली तेव्हा बाहेरचं मच्छिमार बंदर उद्ध्वस्त झालं, पण दारामागचं गाव वाचलं. ज्यांनी विरोध केला ते वाईट नव्हते. त्यांच्यासमोर त्या वर्षाचं अंदाजपत्रक होतं, वामुरांनी म्हाताऱ्यांनी सांगितलेला आकडाही समोर ठेवला होता. मला त्या आकड्याचं फार वाटतं. तो कुणीतरी सांगितला, कुणीतरी लक्षात ठेवला आणि कुणीतरी आराखड्यात उतरवला.

सभेला अजून नऊ दिवस आहेत. कोष्टक बघून त्याआधीची सगळ्यांत मोठी ओहोटी कधी आहे ते काढ. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची असेल. त्या वेळी बंदराच्या तोंडाशी जा. बरोबर कुणी जुना खलाशी घे आणि मागच्या उपशानंतर खोली मोजली होती तो तक्ता कार्यालयातून मागून ने. नसेल तर 'उपलब्ध नाही' असं लेखी घे. कुठे पाय टेकतो, कुठे नाही, बुडबुडे कुठे येतात, काळा गाळ कुठे आहे, हे वहीत लिही, तारीख-वेळ घाल आणि त्या माणसाचं नावही लिही. त्याची एक प्रत मला पाठव. निविदेच्या शर्ती तुझ्याकडे असतील तर त्याही पाठव, विल्हेवाटीच्या ओळीऐवजी काय लिहायचं ते आपण मिळून ठरवू.

तुझा,
काका