जुनी गाडी, घरचं गॅरेज: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत मारुती ८०० आणि प्रीमियर पद्मिनी याच दोन गाड्या जास्त आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: अमुक पार्ट बदलला, तरी फरक पडला नाही. त्यामुळे प्रत्येक उत्तरात काय मोजायचं किंवा काय तपासायचं ते आधी दिलं आहे. पार्ट त्यानंतर आणा.

माझी १९९७ची मारुती ८०० रात्री चालवताना रस्ता दिसत नाही. हेडलाइट पिवळट पडतात. १००/९० वॅटचे बल्ब टाकू का? (सांगली)

टाकू नका. साधा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दोन लो बीम मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात आणि तेवढ्यानेच तुमची जुनी वायरिंग दमली आहे. ९० वॅटचे बल्ब टाकले की करंट दीडपटीहून जास्त होतो. खराब जॉइंटवरची उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती अडीचपटीच्या पुढे जाते. आधी कपलर वितळतो, मग स्टिअरिंगखालचा स्विच जातो. शिवाय असे बल्ब रस्त्यावर बेकायदा आहेत, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जातो तो वेगळाच.

आधी मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन चालू, लो बीम चालू. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.२ व्होल्ट मिळायला हवेत. तिथेच कमी मिळाले तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा, हेडलाइटकडे नंतर या. बॅटरीवर आकडा ठीक असेल तर बल्ब कपलरमध्ये बसलेला असतानाच, मागच्या बाजूने पिनांना टोकं लावून बल्बच्या दोन पिनांमध्ये मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर दोष वायरिंगचा. बल्बला १३.२ ऐवजी १०.८ व्होल्ट मिळाले की प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. तुमचा पिवळा उजेड हाच असावा.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. १२ व्होल्ट ३० अँपिअरचे चार पिनांचे दोन रिले (एक लोसाठी, एक हायसाठी), २० अँपिअरचे दोन ब्लेड फ्यूज होल्डरसह, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, आणि सिरॅमिकचे दोन नवे एच-४ होल्डर. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून दोन्ही बल्बच्या लो पिनांना. दुसऱ्या रिलेचं हायसाठी तसंच. दोघांना एकच फ्यूज देऊ नका. तो उडाला तर घाटात पूर्ण अंधार होईल.

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. अनेक जुन्या जपानी धाटणीच्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लस तोडत नाही, अर्थ तोडतो. बल्बच्या कॉमन पिनेला सतत प्लस असतो आणि स्विच लो किंवा हायला अर्थ देतो. कपलर काढा, लो बीम लावा, मीटरची काळी वायर बॉडीला धरा आणि तिन्ही खाचा तपासा. कॉमनमध्ये १२ व्होल्ट दिसले तर अर्थ-स्विचिंग, लोमध्ये दिसले तर प्लस-स्विचिंग. लो रिलेची कॉइल (८५ आणि ८६) जुन्या कपलरच्या कॉमन आणि लो या दोन खाचांमध्ये जोडली, आणि हाय रिलेची कॉमन आणि हायमध्ये, की दोन्ही पद्धतींत काम होतं. एकाच बाजूचा जुना कपलर वापरा. दुसरा टेप लावून बांधून ठेवा.

नव्या होल्डरची कॉमन पिन बॉडीला अर्थ करा. जागेवरचा रंग पत्रा चमकेपर्यंत घासा, रिंग लग नटबोल्टने आवळा, वरून व्हॅसलीन लावा. अर्धी कामं या एका जॉइंटवर बिघडतात. रिले तोंड खाली करून बसवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. सगळं झाल्यावर पुन्हा मोजा. फरक ०.३ व्होल्टच्या आत यायला हवा.

पद्मिनी गरम झाल्यावर ट्रॅफिकमध्ये बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुरू होते. कॉइल बदलली, पेट्रोल पंप बदलला. काय राहिलं? (मुंबई)

गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत तपासणी राहिली. गार झाल्यावर सगळंच बरोबर दिसतं. डिकीत एक जादा प्लग ठेवा.

बंद पडताच एअर क्लीनरचं झाकण काढा आणि इंजिन बंद असताना कार्बोरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटर एकदा ओढा. पंप जेटमधून पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे, आता इग्निशन बघा. झाकण परत लावा, जादा प्लग एका केबलला जोडून कार्बोरेटरपासून लांब इंजिनच्या धातूला टेकवा आणि सेल्फ मारा. ठिणगी निळी आणि टणक असावी. पिवळी, तुटक किंवा नसलीच तर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघड-मीट करणारे संपर्क) याच क्रमाने जा.

बारा व्होल्टच्या, बॅलास्ट रेझिस्टर नसलेल्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो. दीड ओहमची बॅलास्टवाली कॉइल चुकून बसवली असेल तर ती तापते आणि पॉइंटही जाळते. नवी कॉइल बसवूनही तक्रार तशीच राहण्याचं हे एक नेहमीचं कारण. पॉइंटची गॅप ०.४० ते ०.४५ मिमी फीलर गेजने लावा, तीही कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली असताना. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली असेल तर कंडेन्सर बदला. आणि इंजिन बंद ठेवून चावी ऑन करून रेडिओ ऐकत बसू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल सतत तापत राहते.

पिचकारी आलीच नाही तर व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये बेकेलाइटचा जाड तुकडा असतो. तो उष्णता अडवतो आणि पंपाचा स्ट्रोकही ठरवतो. नवा पंप बसवताना तो काढून नुसतं गॅस्केट लावलेलं बऱ्याच गाड्यांत सापडतं. तुमच्याकडे तो आहे का ते आधी बघा. नसेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पंपाबरोबर मिळू शकतो. पद्मिनी कुर्ल्यातच बनत होती आणि २००० सालच्या आसपास तिचं उत्पादन थांबलं, त्यामुळे तिचे जुने पार्ट आता पारखूनच घ्यावे लागतात. पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून किमान दोन इंच लांब बांधा.

उलट, सेल्फ मारताना पेट्रोलचा वास आणि सुरू झाल्यावर काळा धूर येत असेल तर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतंय. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका आणि सेल्फ मारा.

याच संदर्भात: वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर कार्बोरेटरची गाडी चालेल का? जेट बदलावा का? (औरंगाबाद रोड, अहिल्यानगर)

चालते, पण दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, रबर. जुन्या पेट्रोल नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि फ्लोटच्या सुईचं रबरी टोक इथेनॉलने फुगतं किंवा ठिसूळ होतं. नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच घ्या आणि घेताना त्यावरचं छापील लेबल वाचा. टाकीतला जुना राळेसारखा थर सुटून फिल्टर तुंबतो, म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदला. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं आणि ते पाणी तळाशी जमतं.

दुसरी, मिश्रण. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५. म्हणजे त्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) इंजिन आठ-नऊ टक्के लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालतं. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो: ११५ म्हणजे १.१५ मिमी. क्षेत्रफळ आठ-नऊ टक्के वाढवायला व्यास चार टक्के वाढवावा लागतो, म्हणजे ११५च्या जागी १२०. एकाच पायरीने बदला, पन्नासेक किलोमीटर चालवा आणि प्लगचं पोर्सेलिन बघा. पांढरं फटक असेल तर अजून लीन आहे, फिकट तपकिरी असेल तर थांबा. जेट ड्रिलने मोठा करू नका. भोक गोल राहत नाही आणि मापही कळत नाही.

मारुती ८००चा ब्रेक पेडल स्पंजी लागतो. दोनदा ब्लीड केलं (ब्रेक ऑइलमधली हवा काढली). (कोल्हापूर)

पेडल काय सांगतंय ते आधी ऐका. स्प्रिंगसारखं मऊ लागत असेल तर हवा आहे. पहिल्यांदा खोल जातं, दोन-तीनदा पंप केलं की वर येऊन टणक होतं, तर मागचे शू ड्रमपासून लांब आहेत. तिथे ब्लीडिंगने काही होणार नाही, शू अ‍ॅडजस्ट करा. पाय ठेवून धरल्यावर हळूहळू खाली सरकतं आणि कुठेही गळती दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलं आहे. आणि पेडल सोडल्यावर एक चाक घासत राहत असेल तर त्याचा रबरी होज आतून मिटला आहे.

ब्लीडिंग करायचंच असेल तर गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा, पारदर्शक नळीचं टोक ताज्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा, आणि रिझर्व्हायर तळाला जाऊ देऊ नका. एकदा हवा आत गेली की सगळं पहिल्यापासून. डॉट ३ किंवा डॉट ४ चालतं, सिलिकॉनचं डॉट ५ मिसळू नका. फुटलेल्या सीलचा डबा उरलाय म्हणून गेल्या वर्षीचं ऑइल वापरू नका, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पूर्ण बदलायला अर्धा लिटरचा एक बंद डबा आणा, कमी पडलं तर दुसरा.

जुन्या मास्टरवर पेडल जमिनीपर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात पिस्टन जिथे पोहोचत नाही तिथे बोअरला गंज असतो आणि सील तिथे फाटतं. पेडलखाली दोन इंचांचा लाकडी ठोकळा ठेवा. तुमच्या बाबतीत दुसऱ्या ब्लीडिंगनंतर पेडल आणखी बिघडलं असेल तर कारण बहुधा हेच.

नागपूरच्या उन्हात तापमानाचा काटा वर जातो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला. बरोबर केलं का?

नाही. ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर प्रश्न हवेचा आहे. पंख्याच्या थर्मोस्विचचा कपलर काढून दोन वायर एकमेकींना जोडा (एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवा). पंखा फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर मोटर, फ्यूज किंवा रिले बघा. रेडिएटर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, पाण्याच्या हलक्या झोताने धुवा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) परत बसवा. तो नसेल तर हिवाळ्यात इंजिन तापायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडरही लवकर झिजतात. बसवण्याआधी पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन तपासा: त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला.

१३ इंची अलॉय आणि १७५/६० टायर मारुती ८००ला बसतील का? (पुणे)

मूळ टायर १४५/७० आर १२, बाहेरचा व्यास सुमारे ५०८ मिमी. १७५/६० आर १३चा सुमारे ५४०, म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास ६४ने धावेल, पिकअप मंदावेल आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या पत्र्याला घासेल. नवीन रिम घेताना व्यासात तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका आणि चार नटांच्या वर्तुळाचा ११४.३ मिमी व्यास जुळवून घ्या. रिम बाहेर काढणारे स्पेसर लावू नका, त्यांचा भार बेअरिंगवर येतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्या. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला गाडी तपासायला न्यावी लागते, तेव्हा असे बदल पहिले दिसतात.

फ्लोअरचा पत्रा कुजलाय. खालून रबर कोटिंग मारलं तर थांबेल का? (रत्नागिरी)

गंजावर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा दुप्पट वेगाने जातो. आधी कार्पेट आणि त्याखालची फेल्ट काढा, स्क्रू ड्रायव्हरने टोचत जा. जिथे तो आरपार जातो तिथून चारही बाजूंना टणक पत्रा लागेपर्यंत कापा. १ मिमीचा सीआरसी (कोल्ड-रोल्ड स्टीलचा) पत्रा घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीची अर्थ केबल काढा, आतलं फोम, कार्पेट आणि जवळून जाणारी पेट्रोलची नळी बाजूला करा आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. सलग वेल्ड मारू नका. इंचभर टाका, मग समोरच्या बाजूला इंचभर, नाहीतर पत्रा वाकतो. शिवण ग्राइंड करून झिंक प्राइमर, सीम सीलर आणि मगच कोटिंग. दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्यांत आतून मेणाचा स्प्रे मारा, पण त्यांची तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी ठेवा. कोकणात बहुतेक गाड्या याच भोकांत माती भरल्याने कुजतात.