मेरिस्टेममध्ये ‘स्टेम’ नाही

प्रश्न आला आहे: ‘मेरिस्टेम’ म्हणजे झाडातली सतत विभागत राहणाऱ्या पेशींची ऊती (पेशींचा समूह). त्यातला ‘स्टेम’ म्हणजे खोडच ना? मग मुळाच्या टोकालाही मेरिस्टेम असतं ते कसं? आणि मराठीत त्याला ‘कोंबपेशी’ म्हटलं तर चालेल का?

हा ‘स्टेम’ कित्येक वर्षं माझ्या डोक्यात जातोय. शिकवणारेसुद्धा ‘मेरि’ म्हणून थांबतात, मग ‘स्टेम’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला खोड दिसायला लागतं. शब्द तोडायचाच तर ‘मेरिस्ट’ आणि ‘एम’ असा तोडा. ग्रीक ‘मेरिस्टोस’ म्हणजे विभागलेलं. त्यातला ‘मेरोस’ म्हणजे भाग, तोच पॉलिमरमध्येही आहे. कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ साली हा शब्द घडवला. झायलेम आणि फ्लोएम हेही त्याचेच, तिघांची शेपटी एकच. झायलेममध्ये कुणी ‘लेम’ शोधत बसत नाही, मग इथेच खोड का सापडावं?

मराठीत शालेय पुस्तकं ‘विभाजी ऊती’ म्हणतात, विश्वकोश ‘विभज्या’ म्हणतो. गणितातले भाज्य-भाजक आठवा, म्हणजे फरक कळेल. विभज्या म्हणजे जिचे भाग पडायचे ती, विभाजी म्हणजे भाग पाडणारी. ग्रीक शब्दाच्या जवळची विभज्याच, हे कबूल. पण दोन्ही शब्दांना हिशेबाच्या वहीचा वास येतो. झाड तिथे काय करतंय ते काही दिसत नाही. आणि हे कुठल्या भाषेत? जिच्यात ‘फुटणे’ हे क्रियापद आहे, त्या!

काच फुटते आणि पालवीही फुटते. पक्षात फूट पडते, झाडाला फूट येते. तांबडं फुटतं, मिसरूड फुटते, रस्त्याला फाटा फुटतो. दुभंगणं आणि नव्याने उगवणं यांना एकच क्रियापद पुरतं, आणि आपल्याला त्यात काही खटकतही नाही. ‘फुटणे’ आलं संस्कृत स्फुट् वरून. धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांची जुनी यादी, उघडून पाहा: एका ठिकाणी ‘स्फुट विकसने’, दुसऱ्या ठिकाणी ‘स्फुटिर् विशरणे’. एकदा उमलणं, एकदा विदीर्ण होणं.

इथे काही उत्साही मंडळी ‘फुटतं ते फूल’ असं सांगून मोकळी होतात. ऐकायला गोड, पण चूक. ‘फूल’ आला ‘फुल्ल’वरून, आणि फुल्ल हे रूप पाणिनीने ८.२.५५ या सूत्रात तयारच दिलं आहे. त्याचा धातू स्फुट् नव्हे, ‘ञिफला विशरणे’. म्हणजे धातू वेगळा, पण अर्थ पुन्हा तोच, फाटणं! कडधान्याला येणारे ‘मोड’ आणि ‘मोडणे’ यांचंही नातं असणार, असा माझा जुना हट्ट आहे. कोशकारांनी नाकं मुरडावीत.

आता झाडाकडे. वनस्पतीच्या पेशीभोवती भिंत असते, तिला जागा सोडून दुसरीकडे जाता येत नाही. त्यामुळे जिथे पेशी विभागतात तिथेच वाढ. खोडावर कोरलेलं नाव वीस वर्षांनीही त्याच उंचीवर सापडतं, कारण उंची वाढते ती शेंड्याकडे. खोडात सालीखालचा ऊतककर (कँबियम, विभागणाऱ्या पेशींचा पातळ थर) फक्त जाडी वाढवतो. गवत वरून कितीही कापा, पानाच्या तळाशी विभागणाऱ्या पेशी शाबूत असतात, म्हणून ते पुन्हा वर येतं.

शेंड्याला पानांच्या गुंडाळीत मेरिस्टेमचा एक घुमट असतो, बहुतेक सपुष्प वनस्पतींत मिलिमीटरहून लहान. त्याच्या मध्यावर पेशी सावकाश विभागतात आणि आपला साठा राखून ठेवतात. सगळी गडबड कडेला. तिथे ऑक्सिन हे संप्रेरक जमा होतं तिथे पानाचा उंचवटा वर येतो. तो आजूबाजूचं ऑक्सिन ओढून घेतो, म्हणून पुढचं पान त्याला खेटून न येता दूर, पुष्कळ झाडांत सुमारे १३७.५ अंशांवर फुटतं. फूल यायचं झालं की मात्र घुमटाचा कारभार आटोपतो. शेवटी स्त्रीकेसर तयार होतात आणि साठा संपतो.

हा साठा न संपणं म्हणजे काय ते पाहायचं तर फुलकोबीचा एक तुरा मोडून भिंगाखाली धरा. उंचवट्यावर उंचवटे, त्यांवर आणखी बारीक, सगळे मळसूत्री ओळींत. फूल व्हायला निघालेले हे घुमट फूल न होता स्वतःसारखेच घुमट काढत राहतात. आणि आपण तिला म्हणतो काय, तर ‘फ्लॉवर’!

अरे हो, कोंबपेशी. नको. कोंब हा कोवळं खोड आणि पानं असलेला अख्खा भाग, मेरिस्टेम त्याच्या टोकाशी दडलेलं. मुळाच्या टोकाला तर कोंब नसतोच, तिथे टोपीच्या आत विभागणाऱ्या पेशी असतात. मला विचाराल तर ‘फुटऊती’. ओबडधोबड आहे, माहीत आहे. परीक्षेत विभाजी लिहा, गुण मिळतील. आणि ‘स्टेम’ हवाच असेल तर तो ‘स्टेम सेल’मध्ये आहे. घुमटाच्या मध्यावर त्याच असतात. त्यांना मराठीत म्हणतात ‘मूलपेशी’. इंग्रजीत खोड, मराठीत मूळ. त्या भांडणात आज शिरत नाही.