मटेरिअलाइज्ड व्ह्यूची पहिली टेस्ट

पहिलीच टेस्ट फेल झाली म्हणून खचू नकोस, सगळे इथेच अडकतात. तू टेबलात रो टाकलीस आणि लगेच व्ह्यू वाचलास. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये मटेरिअलाइज्ड व्ह्यू, म्हणजे क्वेरीचा साठवून ठेवलेला निकाल, आपोआप ताजा होत नाही. डेटा टाकल्यावर टेस्टमध्येच रिफ्रेश चालव, मग तपास.

डेटा बोटांवर मोजता येईल एवढाच घे. व्ह्यूत शाखानिहाय विक्री आहे ना? मग कोथरूडच्या दोन ऑर्डरी, १०० आणि २५० रुपयांच्या. हडपसरची एकही नाही. कोथरूडला ३५० आलेच पाहिजेत. पण जीव हडपसरमध्ये आहे: ती शाखा शून्यासह दिसायला हवी की नको, हे आधी ठरव. दोन्ही टेबलांत जुळणाऱ्याच रो ठेवणारा इनर जॉइन तिला गुपचूप गाळतो. सगळ्या शाखा ठेवणारा लेफ्ट जॉइन लावलास तरी तिची बेरीज नल (शून्य नव्हे, रिकामी) येते, त्या जागी शून्य द्यायला कोअलेस लागतो. बाणेरच्या ऑफिसात माझा महिनाअखेरचा रिपोर्ट नेमका यानेच चुकला होता. तेव्हापासून रिकामी शाखा मी प्रत्येक टेस्टमध्ये घालतो.

आणखी दोन गोष्टी:
- अपेक्षित आकडा हाताने लिही. व्ह्यूचीच क्वेरी चिकटवलीस तर तिची चूकही सोबत येते.
- आजच्या तारखेवर विसंबू नकोस, ठरावीक तारीख दे.

कॉनकरंट रिफ्रेश, युनिक इंडेक्स वगैरे पुढचे विषय सध्या राहू दे. आधी या दोन शाखा पास कर आणि अडलास तर एरर जशीच्या तशी पाठव.