लाइनमनचा गुडघा गेला की संघाचं काय होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या चार्जर्स संघाने जुलै २०२५ च्या अखेरीस लेफ्ट टॅकल रशॉन स्लेटरशी (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच लाइनमनपैकी डाव्या टोकाचा) चार वर्षांचा, ११.४ कोटी डॉलरचा करार केला. दोन आठवड्यांच्या आत सरावात त्याचा पटेलर टेंडन, म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध, तुटला आणि त्याचा अख्खा मोसम बुडाला. आता शस्त्रक्रिया इतक्या सुधारल्या आहेत, मग वर्षभराने तो होता तसाच परत येणार नाही का? आणि एक चांगला राखीव टॅकल तयार ठेवणं संघाला इतकं जड का जावं?

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि बरीच वर्षं इथल्या पॅकर्स संघाचे सामने बघतो आहे. लेफ्ट टॅकलच्या गुडघ्याने एखाद्या संघाची किती वर्षं खाल्ली, हे आम्ही जवळून पाहिलं आहे. म्हणून उत्तर लांब होणार आहे.

आधी दुखापतीबद्दल. बातमीत ‘गुडघा’ एवढंच येतं, पण त्या शब्दाखाली निरनिराळी दुखणी असतात. लाइनमनच्या बाबतीत नेहमी घडणारा प्रकार म्हणजे त्याचा पाय जमिनीत रोवलेला असताना ढिगाऱ्यातलं कोणीतरी बाहेरच्या बाजूने त्यावर कोसळतं आणि गुडघा आत वाकतो. यात आतल्या बाजूचा एमसीएल हा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, दुखावतो. तो एकटाच दुखावला असेल तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेवाचून, काही आठवड्यांत भरून येतो. कॉलेजच्या संघांतले लाइनमन दोन्ही गुडघ्यांना धातूच्या पट्ट्यांचे ब्रेस लावून खेळताना दिसतात ते याच भीतीने. गुडघ्याच्या मधोमध असलेला एसीएल हा लिगामेंट तुटला की तो सहसा शिवत नाहीत. खेळाडूच्याच शरीरातला टेंडनचा तुकडा घेऊन नवा बसवतात, आणि त्या तुकड्याचं लिगामेंटसारखं काम करणाऱ्या पेशीजालात रूपांतर व्हायला महिनोनमहिने जातात. नऊ महिने ते वर्ष हा आकडा तिथून येतो. आणि ज्याची बातमी क्वचितच होते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण. तिला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती आपोआप भरून येत नाही. लिगामेंटची तारीख सांगता येते, कूर्चेची सांगता येत नाही.

आता हा गुडघा वापरायचा कसा, ते बघा. चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरला धावताना झटकन दिशा बदलायची असते. लाइनमनचं काम निराळं आहे. सुमारे १४० किलोचं शरीर अर्ध्या बैठकीत ठेवून मागे सरकायचं आणि समोरून सव्वाशे किलोचा माणूस पूर्ण वेगाने छातीवर आदळला की कंबर खाली टाकून तिथेच थांबायचं. वाकलेल्या गुडघ्यात तो सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर आणि पटेलर टेंडनवर येतो. गुडघ्यात पाणी साठलं की मेंदू तो स्नायू पूर्ण ताकदीने आकसू देत नाही, खेळाडूची जिद्द कितीही असो. म्हणून लाइनमन सरळ रेषेत छान धावताना दिसला, व्यायामाचे व्हिडिओ आले, तरी त्यावरून फारसं कळत नाही. सामना खेळून झाल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो का, हे पाहावं लागतं. पॅकर्सचा लेफ्ट टॅकल डेव्हिड बाख्तियारी याच्या बाबतीत सगळं गाडं तिथेच अडलं.

त्याची गोष्ट सुरू होते दुसऱ्याच्या गुडघ्यापासून. २०१३ साली पॅकर्सने ब्रायन बुलागाला उजवीकडून लेफ्ट टॅकलला हलवायचं ठरवलं होतं. तो २०१० च्या ड्राफ्टमधला, म्हणजे कॉलेजचे खेळाडू संघांनी फेऱ्यांनी निवडून घेण्यातला, पहिल्या फेरीचा खेळाडू. ऑगस्टमध्ये ‘फॅमिली नाइट’च्या सरावात त्याचा एसीएल तुटला. मोसम तोंडावर, हाताशी दुसरं कोणी नाही. मग चौथ्या फेरीत घेतलेल्या बाख्तियारी नावाच्या नवख्या पोराला तिथे उभं केलं. त्याने त्या वर्षीचे सोळाच्या सोळा सामने सुरुवातीपासून खेळले आणि जागा सोडलीच नाही. बुलागा २०१४ मध्ये परतला तो उजवीकडे, आणि तिथे उत्तम खेळला. पण लेफ्ट टॅकलचा मान आणि त्याबरोबर येणारा पैसा त्याच्या वाट्याला आला नाही. २०१७ मध्ये त्याचा दुसऱ्या गुडघ्याचाही एसीएल तुटला, त्यातूनही तो परत आला. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

२०१४ मध्ये लाइनच्या मधल्या, सेंटरच्या जागी हेच घडलं. जे. सी. ट्रेटरचा गुडघा मोसमाआधीच दुखावला, पाचव्या फेरीतला नवखा कोरी लिन्सली उभा राहिला आणि पुढे ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, झाला. ट्रेटरने नाव कमावलं ते ब्राउन्सकडे जाऊन, आणि २०२० मध्ये तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. कृत्रिम गवताऐवजी खरं गवत लावा, असा आग्रह त्याने जाहीरपणे धरला तो त्याच वर्षी. लाइनवर बदली खेळाडू क्वचितच थोड्या वेळासाठी येतो. एकदा पाच जणांचा मेळ बसला की प्रशिक्षक तो मोडायला तयार नसतात. म्हणून जखमी लाइनमनची शर्यत शरीराशी असते तशीच आपल्या जागी उभ्या असलेल्या स्वस्त, तरुण खेळाडूशीही असते.

आता बाख्तियारीचा गुडघा. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याने चार वर्षांचा ९.२ कोटी डॉलरचा करार केला. त्या वेळी वर्षाच्या सरासरीने कोणत्याही लाइनमनला मिळालेला तो सर्वांत मोठा करार होता. ३१ डिसेंबरला, सामन्यात नव्हे तर सरावात, त्याचा एसीएल तुटला. त्या नियमित मोसमात पॅकर्सचा क्वार्टरबॅक एरन रॉजर्स सगळे मिळून २० वेळा सॅक झाला होता, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला होता. जानेवारीत बकनीअर्सविरुद्धच्या कॉन्फरन्स फायनलमध्ये, म्हणजे सुपर बोल या अंतिम सामन्याच्या आधीच्या फेरीत, बिली टर्नर उजवीकडून डावीकडे गेला, त्याच्या जागी रिक वॅग्नर आला, म्हणजे एका गुडघ्याने दोन जागा बदलल्या. त्या एका सामन्यात रॉजर्स ५ वेळा सॅक झाला. पॅकर्स ३१-२६ हरले.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०२१. हिशेब असा होता की बाख्तियारी मोसमाच्या मध्याला येईल, तोवर शेजारच्या लेफ्ट गार्डच्या जागी खेळणाऱ्या एल्गटन जेंकिन्सने टॅकल सांभाळायचा. जेंकिन्सने तो सांभाळलाही. मात्र बाख्तियारीच्या गुडघ्यात पाणी होत राहिलं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच महिन्यात मिनेसोटात जेंकिन्सचाही एसीएल तुटला. मग ड्राफ्टमध्ये कोणीही न घेतलेला योश नायमन आला. जानेवारी २०२२ मध्ये डेट्रॉइटला, निकालाला काही अर्थ नसलेल्या सामन्यात, बाख्तियारी २७ स्नॅप, म्हणजे २७ डाव, खेळला. आम्हाला वाटलं, आला बाबा एकदाचा. दोन आठवड्यांनी फोर्टीनाइनर्सविरुद्ध तो मैदानात नव्हता. टर्नर डावीकडे, डेनिस केली उजवीकडे, पुन्हा ५ सॅक, १३-१० अशी हार.

यातून माझं जे मत बनलं ते सांगतो. जेंकिन्सची दुखापत संघाला झेपली, कारण तो नाही हे पक्कं ठाऊक होतं. तो सुमारे दहा महिन्यांनी, २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात परतला आणि डिसेंबरमध्ये त्याला नवा मोठा करार मिळाला. बाख्तियारीचं ‘या आठवड्यात कदाचित’ संघाला झेपलं नाही. दर बुधवारी तोच प्रश्न: आज सरावाला आहे का? आहे म्हटलं तर एक पंचक, नाही म्हटलं तर दुसरं. २०२२ मध्ये तो सतरापैकी ११ सामने खेळला. पहिल्या पुनरागमनात तर तो आणि नायमन आलटून पालटून खेळत होते. खेळला तेव्हा सुरेख खेळला, हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे लोक त्याच्याबद्दल फार कडवट बोलू लागले. माणूस झटत होता, गुडघा साथ देत नव्हता. २०२३ मध्ये शिकागोत पहिला सामना, आणि तोच पॅकर्ससाठीचा त्याचा शेवटचा. पुन्हा शस्त्रक्रिया, आणि मार्च २०२४ मध्ये करारातून मुक्तता.

पैशाचं गणितही इथेच उलगडतं. लीगने प्रत्येक संघाला घातलेली वर्षाच्या पगाराची मर्यादा सांभाळण्यासाठी संघ मोठ्या कराराची रक्कम बोनसमध्ये बदलतात आणि ती हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरते. आज सोय होते, बिल पुढे सरकतं. बाख्तियारीचा २०२४ चा भार असा ढकलत ढकलत सुमारे ४ कोटी डॉलरवर गेला होता. त्याला सोडल्यावरही जवळपास १.९ कोटी डॉलर त्या वर्षीच्या मर्यादेतून गेलेच, न खेळणाऱ्या माणसासाठी. स्लेटरच्या ११.४ कोटींपैकी ९.२ कोटींची हमी होती. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर यात काहीही चुकीचं नाही. शरीर पणाला लावून कमावलेली ती एकमेव सुरक्षितता आहे, आणि स्लेटरने सही आधी केली याचा मला मनापासून आनंद आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, राखीव टॅकलचा. कबड्डीत कोपरा धरणाऱ्याला उद्या दुसऱ्या बाजूला उभं केलं तर काय होईल, याचा विचार करा. उजवीकडून डावीकडे गेलं की मागे टाकायचा पाय बदलतो, पहिला हात बदलतो, वजन कुठल्या मांडीवर ठेवायचं ते बदलतं. हे अंगात मुरायला समोर खरा धक्का लागतो, आणि खेळाडूंच्या संघटनेबरोबरच्या करारानुसार नियमित मोसमात पॅड घालून केवळ १४ सराव घेता येतात. त्यातले बहुतेक स्नॅप पहिल्या पाच जणांना जातात. राखीव खेळाडू सामन्यात उतरतो तेव्हाच खऱ्या अर्थाने शिकायला लागतो. लीगलाही हे कळलं आहे: २०२० पासून सामन्याच्या दिवशी ४७ ऐवजी ४८ खेळाडू उतरवता येतात, पण त्यात निदान ८ जण ऑफेन्सिव्ह लाइनचे असले तरच.

शिवाय चार्जर्सनी तयारी केली नव्हती, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जो ऑल्ट हा मुळात कॉलेजचा लेफ्ट टॅकल. २०२४ मध्ये पाचव्या क्रमांकावर घेतला आणि स्लेटर होता म्हणून उजवीकडे खेळवला. याहून चांगला राखीव लेफ्ट टॅकल कोणाकडे असणार? स्लेटर पडताच ऑल्ट डावीकडे आला. मग ऑल्टचा घोटा गेला, तो परतला, पुन्हा घोटा दुखावला आणि नोव्हेंबरात त्याचाही मोसम संपला. सेंट्सकडून ट्रेव्हर पेनिंगला आणण्याची वेळ आली. एका दुखापतीची योजना प्रत्येक शहाणा संघ करतो, एकाच बाजूच्या दोन मोठ्या दुखापतींची कोणालाच परवडत नाही.

तयारी फळाला येते तेव्हा कसं दिसतं, ते ईगल्सच्या २०१७ मध्ये बघा. ऑक्टोबरात जेसन पीटर्सचे एसीएल आणि एमसीएल दोन्ही तुटले. पाचव्या फेरीतला हालापौलिवाती वायताय डावीकडे गेला. लाइन प्रशिक्षक जेफ स्टाउटलंडनी त्याला घडवलं होतं, उरलेले चौघे जागच्या जागी राहिले, आणि संघ सुपर बोल जिंकला. मोसमाच्या मध्यात पीटर्स येणार की नाही, हा प्रश्नच नव्हता. तो पुढच्या वर्षी परतला.

बाख्तियारीनंतर पॅकर्सचा ड्राफ्टही याच दिशेने झुकला, असं मला दिसतं. एकाहून अधिक जागा खेळू शकणारे लाइनमन ते सतत जमवत राहिले. २०२२ च्या चौथ्या फेरीत झॅक टॉम आणि सातव्या फेरीत रशीद वॉकर आला. लेफ्ट टॅकलची जागा शेवटी वॉकरनेच धरली. आणि २०२४ मध्ये पहिल्या फेरीत त्यांनी जॉर्डन मॉर्गनला घेतलं. ॲरिझोनाकडून खेळताना नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचा एसीएल तुटला होता. तो पुढच्या मोसमात खेळला आणि गुडघा टिकला, म्हणून २५ व्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं गेलं. जुना एसीएल म्हणजे कारकिर्दीवर काट, असं आता कोणी मानत नाही.

राहता राहिला स्लेटर. पटेलर टेंडन लाइनमनसाठी अवघड जागा आहे, हे वर लिहिलंच. तरीही ब्रॉन्कोसचा रायन क्लेडी आठवा. २०१० च्या मोसमाआधी बास्केटबॉल खेळताना लेफ्ट टॅकल क्लेडीचा हाच टेंडन फाटला. त्या वर्षी तो सोळाही सामने खेळला आणि २०१२ मध्ये ऑल-प्रो झाला. पुढे २०१५ मध्ये एसीएल तुटला, त्या मोसमात रायन हॅरिसला आणून ब्रॉन्कोसने सुपर बोल जिंकला, आणि क्लेडीला त्यांनी जेट्सकडे पाठवलं. पहिल्या दुखापतीच्या वेळी तो तिशीपासून खूप दूर होता, दुसऱ्या वेळी ती जवळ आली होती. स्लेटरचा जन्म १९९९ चा आहे, म्हणजे वय त्याच्या बाजूने आहे. सराव सुरू झाला की त्याच्या धावण्याच्या व्हिडिओंपेक्षा आठवड्याचे दुखापतींचे अहवाल वाचा: बुधवारी आणि गुरुवारी सलग पूर्ण सराव करतो आहे का, कृत्रिम गवतावरच्या सामन्यानंतर एखादा दिवस सुटतो आहे का. ‘गुडघा, विश्रांती’ अशी नोंद आठवड्यामागून आठवडा दिसू लागली, तर मात्र चार्जर्सनी पुढच्या ड्राफ्टमध्ये आणखी एक टॅकल घेतलेला बरा.