पैसे लावून रमी खेळलो तर पोलीस पकडतील का?

प्रश्न : वकीलसाहेब, आम्ही काही मित्र एकाच्या घरी पैसे लावून रमी खेळतो. आता एकजण म्हणतोय खोली भाड्याने घेऊ, प्रत्येक डावातून थोडे पैसे काढू, भाडं सुटून वर चार पैसे उरतील. चालेल का? मोबाईलवर खेळलो तर? आणि मग घोड्यांची रेस, लॉटरी कशी काय चालते?

उत्तर : घरात आपापसात खेळताय तोवर सहसा प्रॉब्लेम नाही, पण ते "वर चार पैसे उरतील" आहे ना, गोची तिथेच आहे. महाराष्ट्रात अजून १८८७ चाच जुगार प्रतिबंधक कायदा चालतो आणि त्यात मुख्य मुद्दा असतो जागेवाला खेळातून कमावतोय का. कमावत असेल तर तो अड्डा झाला, मग चालवणारा तर अडकतोच, पण कलम ५ खाली तिथे खेळायला बसलेले पण अडकतात. तुम्ही म्हणाल रमी तर डोक्याचा खेळ, आणि ते खरंय, सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये सत्यनारायण केसमध्ये तसंच म्हटलं (तीन पत्तीला मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं, बरं का) आणि आपल्या कायद्याचं कलम १३ सुद्धा कौशल्याच्या खेळाला सूट देतं. पण त्याच निकालात असंही आहे की क्लबने पत्त्यांचे, सोयीचे माफक पैसे घेतले तर ठीक, खेळातून नफा काढला तर गुन्हा होऊ शकतो. त्यामुळे भाडं सगळ्यांनी सारखं वाटून घ्या, डावातून पैसे काढू नका, तीन पत्ती तर नकोच.

हरलेला मित्र पैसे देत नसेल तर कोर्टात जाऊन उपयोग नाही, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ३० ने पैजेचा करारच रद्दबातल असतो.

रेसकोर्सवर लायसन्स घेऊन चालणाऱ्या बेटिंगला कायद्यातच सूट आहे, शिवाय १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं. बाहेर बुकीकडे लावलेले पैसे त्यात बसत नाहीत. लॉटरी १९९८ च्या केंद्रीय कायद्याने फक्त राज्य सरकारं काढू शकतात. कॅसिनोचा तर आपल्याकडे १९७६ चा कायदा होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला, गोव्याचा कायदा वेगळा.

मोबाईलचं एकदम उलटं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैसे लावून ऑनलाईन खेळ चालवायलाच बंदी आहे, कौशल्य असो की नशीब, तिथे रमीची सूट चालत नाही. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, चालवणाऱ्याला मात्र ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्याला पण २ वर्षांपर्यंत, तेव्हा ग्रुपवर कुठल्या अ‍ॅपच्या लिंका टाकत असाल तर आधी त्या बंद करा.