शीव, काळी आणि पांढरी : दोन शहरं एकमेकांना भिडतात तेव्हा

विचारणा अशी आहे : 'टेक्सासमधल्या ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओ या शहरांविषयीच्या मजकुराचा अनुवाद करते आहे. इंटरस्टेट ३५ या महामार्गाच्या कडेनं ही शहरं आणि मधली गावं वाढत वाढत एकमेकांत मिसळत चालली आहेत. या प्रकाराला मराठीत नेमकं काय म्हणावं? महानगर, नागरी समूह की सन्नगर? शिवाय "दोन्ही शहरांच्या शिवा भिडल्या" असं लिहिलं तर चालेल का?'

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

'शीव' हा 'सीमा'चाच मराठी अवतार. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसाच इथे 'म'चा 'व' झाला. आणि ईकारापुढे 'स'चा 'श' होण्याची आपल्याकडची खोड जुनी आहे. कपडे शिवतो त्या 'शिवणे'च्या मुळाशीही संस्कृत 'सीव्'च आहे. म्हणजे सीमा आणि शीव या सख्ख्या बहिणी. एक कागदोपत्री वावरते, दुसरी बांधावर. देशाला सीमा असते, गावाला शीव.

आता 'शिवा भिडल्या' म्हणताना जरा थांबून बघा. शेजारच्या दोन गावांच्या शिवा भिडलेल्याच असतात. एकाची जमीन संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते, मधे कुणाचीच नाही अशी जागा सहसा उरत नाही. 'शिवेला शीव लागून' हे वर्णन मैलभर अंतरावरच्या दोन गावांनाही चपखल बसतं. मग शहरं वाढली तेव्हा नव्याने भिडलं काय?

त्याचं उत्तर मराठीतल्या एका जुन्या जोडीत आहे : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे घरं उभी असतात ती जागा, सरकारी भाषेतलं गावठाण. गाव म्हणजे मधे पांढरी, भोवती काळी आणि काळीच्या कडेला शीव. गाव वाढतं तेव्हा शीव जागची हलत नाही. पांढरी काळी गिळत शिवेकडे सरकते. पलीकडच्या गावातही तेच चाललेलं असतं. एक दिवस दोन्ही पांढऱ्या शिवेवर येऊन टेकतात. भिडतात त्या पांढऱ्या. संपते ती काळी. आणि शीव बुजते. नकाशावर ती असतेच, पण चालणाऱ्याच्या पायाला कळेनाशी होते.

म्हणून माझा कौल असा : 'शिवा भिडल्या' लिहू नका. 'वस्त्या भिडल्या' किंवा 'शीव बुजली' लिहा. 'शिवा भिडल्या' कानाला गोड लागतं, पण जे आधीपासून होतं तेच ते सांगतं, जे घडलं ते सांगत नाही. अनुवादात 'पांढरी' शब्द वापरा असं मी म्हणणार नाही, टेक्सासच्या वर्णनात तो परका वाटेल. पण वाक्य रचताना काळी-पांढरीचं हे चित्र डोळ्यांपुढे असलं की क्रियापद चुकत नाही.

तुमच्या मजकुरातला प्रदेशही याच नजरेनं पाहता येतो. ऑस्टिन ते सॅन अँटोनिओ हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. मधे ब्यूडा, काईल, सॅन मार्कोस, न्यू ब्राउनफेल्स अशी गावं ओळीनं आहेत. काईलची लोकसंख्या २०१०च्या जनगणनेत सुमारे २८ हजार होती, २०२० मध्ये ती सुमारे ४६ हजार झाली. न्यू ब्राउनफेल्स त्याच दहा वर्षांत सुमारे ५८ हजारांवरून ९० हजारांवर गेलं. टेक्सासच्या महामार्गांना दोन्ही अंगांनी सर्व्हिस रोड जोडलेले असतात. त्यामुळे दुकानं, गोदामं, वाहनांची विक्रीकेंद्रं थेट महामार्गाकडे तोंड करून उभी राहतात आणि घरांच्या वसाहती त्यांच्या मागे पसरतात. गाव चारही दिशांना सारखं न फुगता रस्त्याच्या कडेनं लांबत जातं. अशा वाढीत शीव ओलांडल्याची खूण म्हणजे फक्त एक पाटी. तिच्या अलीकडे जशी इमारत, तशीच पलीकडे. फार तर डांबराचा रंग बदलतो, दिव्याच्या खांबांची घडण बदलते. बोलण्यातही फरक पडतो. आधी 'पुढच्या गावाला' जाऊन येतो म्हणणारा माणूस 'पुढच्या सिग्नलपर्यंत' जाऊन येतो म्हणायला लागतो. शीव बुजल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

बुजलेली शीव कधी कधी नावात मात्र टिकते. मुंबईतलं शीव, ज्याला इंग्रजी वळणानं सायन म्हणतात, ते जुन्या मुंबई बेटाच्या उत्तर टोकाला, साष्टी बेटाच्या तोंडावर होतं. म्हणून ते शीव. आज ते शहराच्या पार पोटात आहे. हद्द दाखवणारा शब्द शहराच्या मध्यावर येऊन बसला आहे.

आता क्रियापदं. तुमच्या मसुद्यात 'विलीनीकरण' आहे, ते काढा. विलीनीकरण ठराव करून होतं, तारीख पाहून होतं. जपानमध्ये १९६३ साली मोजी, कोकुरा, तोबाता, याहाता आणि वाकामात्सु ही पाच शहरं मिळून किताक्युशू हे एक शहर झालं. ते विलीनीकरण. बुडा, ओबुडा आणि पेश्त १८७३ मध्ये एक होऊन बुडापेश्त झालं, तेही विलीनीकरण. 'समाविष्ट होणे' यात तर एक मोठा आणि बाकीचे त्याच्या पोटात जाणारे असं नातं येतं. इंटरस्टेट ३५वर यांतलं काहीच झालेलं नाही. ब्यूडाचा कारभार ब्यूडाकडे आहे, काईलचा काईलकडे. (टेक्सासमधलं हे ब्यूडा आणि हंगेरीतलं बुडा यांचं रोमन स्पेलिंग एकच आहे, म्हणून अनुवाद करताना उच्चार सांभाळा.) जर्मनीतला रुहरचा प्रदेशही असाच. डुइसबुर्ग, एसेन, बोखुम, डोर्टमुंड ही शहरं एकमेकांना खेटून वाढली, पण प्रत्येकाची नगरपालिका वेगळी राहिली. इमारतींनी केलेलं काम आणि शासनानं केलेलं काम यांना एकच क्रियापद देऊ नये.

मग कोणतं द्यावं? मला 'सलग होणे' सगळ्यांत नेमकं वाटतं. 'सलग' म्हणजे मधे खंड नसलेलं : सलग जमीन, सलग तीन दिवस. त्याच्याच जवळचा 'संलग्न' मात्र नको. तो आता विद्यापीठाला संलग्न महाविद्यालयासारखा, कागदावरच्या नात्याचा शब्द झाला आहे. तुमचं वाक्य होतं : 'महामार्ग कॉरिडॉरच्या बाजूने होणारी नागरी वाढ ही स्वतंत्र शहरांचे विलीनीकरण घडवून आणत आहे.' मी लिहीन : 'महामार्गाच्या कडेनं वस्ती वाढत गेली, मधली शेतं संपत गेली आणि वेगवेगळी शहरं सलग होत चालली आहेत.' पहिल्या वाक्यात वाढ काहीतरी 'घडवून आणते' आणि शेतं कुठेच दिसत नाहीत. दुसऱ्यात ती जाताना दिसतात. मराठी वाक्य नामांवर चालवू पाहिलं की जड होतं, क्रियापदांवर चालवलं की हलकं होतं. या विषयात तर क्रियापदच निम्मी माहिती सांगतं.

तरीही शीर्षकाला आणि नकाशाखालच्या ओळीला एक नाम लागणारच. 'महानगर' इथे चुकतं. महानगर म्हणजे एक केंद्र आणि त्याचा विस्तार. या पट्ट्यात दोन मोठी केंद्रं आहेत आणि मधली गावं त्यांतल्या कुणाचीच अंकित नव्हती. न्यू ब्राउनफेल्स जर्मन वसाहतकारांनी १८४५ मध्ये वसवलं, टेक्सास अमेरिकेच्या संघराज्यात सामील होण्याच्या काही महिने आधी. त्याला कुणाचं 'उपनगर' म्हणणंही म्हणून अवघड.

'सन्नगर' हिंदीतल्या भूगोलाच्या पुस्तकांतून येतो. इंग्रजीतल्या 'कॉनर्बेशन'साठी तो घडवला आहे. कॉनर्बेशन हा शब्द पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश अभ्यासकानं १९१५ मध्ये रूढ केला. हेच गेडीस १९१९ पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे प्राध्यापक होते. त्यांनी लॅटिन 'उर्ब्स' म्हणजे नगर याला 'सह' अर्थाचा उपसर्ग लावला. सम् आणि नगर यांचा संधी 'सन्नगर' ही त्याचीच सरळ प्रतिकृती. संधी निर्दोष आहे, सम् आणि निधीचा सन्निधी होतो तसाच. पण 'सत्' आणि 'नगर' यांचाही संधी सन्नगरच होतो, जगत् आणि नाथचा जगन्नाथ होतो तसा. म्हणजे 'एकत्र आलेली नगरं' आणि 'चांगलं नगर' हे दोन्ही अर्थ त्याच अक्षरांत बसतात. त्यातून मराठी कानाला आधी 'सन्न' ऐकू येतं, सन्न होण्यातलं. फोड करून सांगितल्याशिवाय अर्थ न लागणारा शब्द वाचकापुढे ठेवण्यात मला हशील दिसत नाही.

'नागरी समूह' चालतो. भारताच्या जनगणनेत १९७१ पासून जी संकल्पना वापरतात तिच्यात वस्ती सलग असणं ही अटच आहे आणि तिच्यासाठी मराठीत हा शब्द वाचायला मिळतो. अडचण एवढीच की 'समूह' म्हटलं की गोळा झालेली, घोळक्यातली गोष्ट डोळ्यांपुढे येते. रुहरला तो शोभतो. रस्त्याच्या कडेनं ओळीत पसरलेल्या वस्तीचा आकार मात्र त्यातून दिसत नाही.

म्हणून मी 'नगरपट्टा' सुचवतो. ऊसपट्टा, औद्योगिक पट्टा, दुष्काळी पट्टा या घडणीचा हा शब्द आहे, कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. शिवाय 'कॉरिडॉर'चा प्रश्नही तो आपोआप मिटवतो. 'मार्गिका' हा शब्द मेट्रोच्या बातम्यांत रुळला असला तरी तो वाहनाची वाट सांगतो, वाटेच्या दोन्ही बाजूंचा प्रदेश सांगत नाही.

त्याचा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडे 'पट्टी' आणि 'पट्टा' अशा दोन मापांच्या गोष्टी तयार आहेत. रस्त्याला लागून एका रांगेत घरं-दुकानं बांधली गेली, तर ती पट्टी. तिच्या मागे दुसरी, तिसरी रांग चढली की पट्टा. ब्रिटनमध्ये अशा रस्त्याकाठच्या वाढीला 'फितीसारखी वाढ' या अर्थाचं नाव पडलं आणि १९३५ मध्ये तिच्याविरुद्ध कायदाच झाला. वर्गीकृत रस्त्याच्या मध्यापासून २२० फुटांच्या आत परवानगीशिवाय बांधायला मनाई झाली. तो पट्टीविरुद्धचा कायदा. पुढे हरित पट्ट्यांचं धोरण आलं, त्याच्या घोषित हेतूंत 'शेजारची गावं एकमेकांत मिसळू नयेत' हा हेतू स्वच्छ लिहिलेला आहे. बर्मिंगहॅमच्या बाजूची वस्ती आणि कोव्हेंट्री यांच्यामध्ये त्याच धोरणानं राखलेली मोकळी जागा आहे, तिला मेरिडन गॅप म्हणतात. ही जागा फट नव्हे, राखलेली काळी आहे. तसा उल्लेख तुमच्या मजकुरात आला तर 'अंतर' किंवा 'फट' न लिहिता 'राखीव मोकळं रान' लिहा.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर बॉस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंतच्या सलग नागरी प्रदेशाला भूगोलतज्ज्ञ जाँ गॉटमन यांनी १९६१ मध्ये 'मेगालोपोलिस' म्हटलं. हे ग्रीक नाव. ग्रीसमध्ये त्याच नावाचं एक प्राचीन नगर आहे, आज ते छोटंसं गाव आहे. गॉटमनच्या अर्थानं तो शब्द आला तर तसाच देवनागरीत ठेवा. तुमच्या प्रदेशाला मात्र तो वापरू नका, तो फारच मोठ्या मापाचा आहे.

राहिला जोडनावाचा प्रश्न. तुम्ही 'ऑस्टिन-सॅन अँटोनिओ' असं जोडरेघ देऊन लिहिलं आहे. जोडरेघ दोन नावांना चिकटवते आणि मधलं सगळं झाकते. अमेरिकेतली मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही शहरं नदीच्या आरपार समोरासमोर आहेत, मधे झाकण्यासारखं गाव नाही, तिथे जोडरेघ ठीक. इथे मधे चार गावं आहेत आणि तुमचा मजकूर त्यांच्याविषयीच जास्त बोलतो. 'ऑस्टिन ते सॅन अँटोनिओ नगरपट्टा' लिहा. 'ते' आलं की दोन टोकं कळतात आणि मधे काईल, सॅन मार्कोस आहेत हेही वाचकाला जाणवतं.