लॅमिनेशनवाल्याकडे नेऊ नका

प्रश्न: सासूबाईंच्या ट्रंकेत महागाईविरोधी मोर्चातलं लाटणं, बलात्कारविरोधी मोर्चाची सायक्लोस्टाइल पत्रकं आणि हाताने रंगवलेला पुठ्ठ्याचा फलक सापडला. एका पत्रकावर ‘शनिवार, ८ मार्च’ एवढंच आहे, साल नाही. कागद पिवळे पडलेत. लॅमिनेट करून घेऊ का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर: अजिबात नको! लॅमिनेशनचा गोंद कागदात मुरला की सुटत नाही, आणि स्वस्त कागदातलं आम्ल आतल्या आत आपलं काम करतच राहतं. स्टेपलच्या पिना गंजल्या असतील तर ओढू नका. पत्रक पालथं घालून पिनेचे वाकलेले पाय बोथट सुरीने अलगद उचला, मग पुढून काढा. जुन्या चिकटपट्टीच्या वाटेला जाऊ नका. तिच्याशी झटापट करून धडधाकट कागदाची लक्तरं झालेली मी पाहिली आहेत. प्रत्येक पत्रक आम्लरहित कागदाच्या घडीत, आडवं ठेवा. फलक वेगळा, पुठ्ठ्याचं आम्ल शेजारच्या कागदाला लागतं. त्यावरून ओलं फडकं फिरवाल तर पोस्टर कलर फडक्यावर येईल. चिखलाचे डाग असले तर असू देत, मोर्चातलेच आहेत ते.

पोटमाळा नको, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीलगतचं कपाटही नको. डांबराच्या गोळ्या तर नकोतच.

आता साल. ८ मार्चला शनिवार १९७५, १९८० आणि १९८६ मध्ये आला होता. पत्रकात मथुरा खटल्याच्या (मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या) फेरसुनावणीची मागणी आहे का बघा. सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना सोडलं १९७८ मध्ये, त्या निकालाविरुद्ध चार कायदा-प्राध्यापकांचं खुलं पत्र १९७९ चं, बलात्काराचा कायदा बदलला १९८३ मध्ये. म्हणजे ती मागणी असेल तर साल १९८०.

लाटण्याचं मात्र तसं नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांच्या त्या महागाईविरोधी मोर्चांत बायका घरचीच लाटणी घेऊन उतरल्या होत्या; त्यावर ना तारीख, ना मजकूर. सासूबाईंनी सांगितलं नाही तर उद्या कोणीतरी ते पोळपाटावर नेईल. मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा: मोर्चा कुठून निघाला, फलक कोणी रंगवला. थोडक्यात टिपण करून वस्तूसोबत ठेवा, पेनने नव्हे, पेन्सिलीने.

घरी जागा नसेल तर मुंबईतली ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ पासून बायकांच्या आयुष्याचे आणि चळवळींचे दस्तऐवज जमवते आहे. आधी फोन करा, यादी पाठवा. आणि त्याच्याही आधी सासूबाईंना विचारा. ट्रंक त्यांची आहे.